मणक्यात ‘गॅप’ निघाला म्हणजे काय?



पारोळ्यात किंवा आजूबाजूच्या खेड्यांत आरोग्याची बैठक घेतली की एक वाक्य हमखास ऐकू येते : “ताई, फोटो काढला, मणक्यात गॅप निघाला.” सांगणारी बहुधा कापूस वेचणारी, निंदणीला जाणारी असते, नाहीतर हमाली करणारा भाऊ असतो. पुढचा प्रश्नही ठरलेला : “बेल्ट लावू, चोळून घेऊ, की कट्‌कन आवाज काढून मणका बसवणाऱ्याकडे जाऊ?”

आधी मणका समजून घेऊ. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे आपले २४ सुटे मणके. मानेचा सगळ्यात वरचा मणका सोडला तर प्रत्येक मणक्याखाली एक गादी, अशा २३ गाद्या. गादीच्या बाहेर चिवट तंतूंचे कांद्यासारखे पापुद्रे आणि आत ओलसर गर. वय वाढते तसा गर सुकतो, गादी चपटी होते. म्हणजे मणक्यांतले अंतर वाढत नाही, उलट कमी होते. ‘गॅप’ हा शब्दच फसवा आहे.

‘गादी सरकली’ हेही तसेच. गादी कौलासारखी घसरत नाही. बाहेरचा पापुद्रा फाटून आतला गर फुगवट्यासारखा बाहेर येतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते. गराने नस दाबली की कळ ढुंगणातून पायात उतरते. तिलाच सायटिका म्हणतात. बऱ्याच जणांत हा त्रास ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरतो.

रिपोर्ट पाहून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित अभ्यास झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. झीज म्हणजे दरवेळी आजार नव्हे.

आता कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेत डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. यात हाताने मणक्याच्या सांध्याला नेमका झटका देतात. ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या वायूचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि समजावणीबरोबर अशा हस्तोपचारालाही जागा आहे. बेल्ट आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीसाठी नको म्हटले आहे. म्हणजे योग्य रुग्णात दुखणे काही काळ हलके होऊ शकते. पण सुकलेली गादी कोणाच्याही हाताने पुन्हा भरत नाही. मानेला झटका दिल्यास क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो. आपल्याकडे या पद्धतीसाठी डॉक्टर-नर्सेससारखी स्वतंत्र कायदेशीर परिषद नाही. म्हणून हात लावू देण्याआधी शिक्षण विचारा. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हा जवळचा आणि खात्रीचा पर्याय आहे.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाणे आणि मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून मणका मोडून घेणे, दोन्ही आम्हाला सारखेच वाटते. परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगितले ते उपचारालाही लागू आहे.

आमच्या ओळखीची एक मजूर भगिनी. महिनाभर पाठ दुखत होती, संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरले होते. एका फिरत्या शिबिरात ‘गॅप’ सांगून तिच्या पाठीला झटके दिले. ताप कोणी विचारलाच नाही. पुढे पाय लटपटू लागले तेव्हा तपासणी झाली : मणक्याचा क्षयरोग. सरकारी औषधे फुकट मिळाली, दीड वर्ष चालली, आज ती चालते. पण शिबिरात ताप विचारला असता तर ते पाय लटपटलेच नसते.

म्हणून ही लक्षणे पाठ करा : लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतली जागा बधिर होणे, पायातली शक्ती जाणे. यात त्याच दिवशी धुळे किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारे दुखणे, पडल्यानंतरची पाठदुखी, पूर्वीचा कर्करोग यांत आधी डॉक्टर. यांपैकी काहीही असेल तर झटका नको.

रोजचे काय? एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरू नका. गादीला रक्तपुरवठा जवळपास नसतो, तिचे पोषण हालचालीतून झिरपते. बिडी-सिगारेट ते बिघडवते. कापसाची झोळी भरेपर्यंत न थांबता लवकर रिकामी करा, अधूनमधून कंबर सरळ करा. ओझे गुडघे वाकवून, छातीजवळ धरून उचला. पोत्याला दोघे लागा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली आणि स्त्रियांसाठी त्याहून बरीच कमी. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक मजूरमंत्री बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मांडले. मजुराचे शरीर हाही हक्काचाच प्रश्न आहे.

“पडून राहिले तर लोक आळशी म्हणतील,” असे अनेक माउल्या सांगतात. कपिलवत्थूत शाक्यांच्या नव्या सभागृहात तथागतांची पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी पुढची देसना आनंदाकडे सोपवली आणि स्वतः विसावले. दुखणे लपवले नाही, काम थांबले नाही, दुसऱ्याने उचलले. आपल्या घरातही तिचा हंडा आज दुसऱ्या कोणीतरी उचलावा.

नमो बुद्धाय! जय भीम!