घराभोवती सुरूची लागवड

घराच्या आवारात सूचिपर्णी वृक्ष असावा, अशी पुष्कळांची इच्छा असते. परंतु खरे पाईन, म्हणजे चीड, हिमालयाच्या उतारांवरील झाड होय. कर्जत व खालापूर तालुक्यांतील उष्ण व अतिपर्जन्याचे हवामान त्यास मानवत नाही. त्याच्यासारखा दिसणारा सुरू, म्हणजेच खडशेरणी, येथे अधिक उपयुक्त ठरतो.

ओळख : सुरूची 'सुई' हे पान नसून सांधे असलेली बारीक डहाळी असते. ती ओढल्यास सांध्यावर तुटते. चिडाची सुई अशी तुटत नाही. रोप विकत घेताना ही परीक्षा अवश्य करावी.

जागा : भाताच्या खाचरात किंवा पाणी तुंबणाऱ्या जागी सुरू लावू नये. निचऱ्याची, मुरमाड वरकस जमीन निवडावी. पावसाळी वारा नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येतो. म्हणून रांग त्या बाजूस असावी.

अंतर : दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. सुरू २० मीटर किंवा त्याहूनही उंच वाढतो. तो घरावर पडू नये म्हणून घरापासून किमान २५ मीटर दूर लावावा. वारा अडविणाऱ्या रांगेचा लाभ तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत पोचतो. तेव्हा झाड भिंतीलगत लावण्याचे कारणच नाही. एवढी जागा नसल्यास सुरूचा हट्ट सोडून अडुळशाचे किंवा मेंदीचे कुंपण करावे. विजेच्या तारांखाली सुरू कदापि लावू नये.

लागवड : पावसाळ्यापूर्वी ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे दोन-दोन मीटरवर खणावेत. एकाआड एक झाडे येतील अशा दोन रांगा घ्याव्यात. खड्ड्यात कुजलेले शेणखत व जुन्या सुरूखालची ओंजळभर माती घालावी. त्या मातीतील सूक्ष्मजीव मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र झाडास मिळवून देतात. जमीन चांगली भिजल्यावर रोपे लावावीत.

निगा : रोपास काठीचा आधार द्यावा, गुरांपासून काटेरी कुंपणाने राखावे व पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. वाळलेला पाला लवकर पेट घेतो. तो गवताच्या गंजीजवळ साठू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन अंतर स्वतः मोजावे. योग्य जागी लावलेला सुरू घराचे रक्षण करील. तोच अयोग्य जागी लावल्यास घरास धोका होईल.