घरमाशी : उपद्रव व उपाय
(आरोग्यपाठासाठी शिक्षकांस टिपण)

पाऊस सुरू झाला की घरोघर माश्यांचा सुळसुळाट होतो. माशी बसली तर हाताने हाकलावी, एवढाच उपाय आपण जाणतो. परंतु उकिरड्यावरील माशी तेच पाय घेऊन तान्ह्या मुलाच्या दुधाच्या वाटीवर येते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

माशीला चावता येत नाही. घट्ट पदार्थावर ती आपली लाळ ओकते आणि तो विरघळला म्हणजे शोषून घेते. त्या लाळेतून व केसाळ पायांवरून हगवण, पटकी, विषमज्वर यांचे जंतू अन्नात उतरतात. त्यांचा पहिला तडाखा लहानग्यांस बसतो.

मादी एका वेळी सुमारे १२० अंडी शेणात किंवा कुजक्या केरात घालते. एका दिवसात अळ्या होतात. पुढे कोष होऊन, उष्ण हवेत ८ ते १० दिवसांत नवी माशी उडते. येथे तोंडी हिशेब घालावा : १२० पैकी निम्म्या माद्या, सर्व जगल्या आणि प्रत्येकीने एकदाच अंडी घातली, तर पुढील पिढीत माश्या किती? उत्तर ७,२०० येते. एकेक माशी मारणे का पुरत नाही, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

केवळ औषधावरही विसंबू नये. १९४५ च्या सुमारास डी.डी.टी.ने माशी नामशेष होईल असे वाटले होते. काही वर्षांतच त्यास दाद न देणाऱ्या माश्या निपजल्या. म्हणून तिचे जन्मस्थानच नाहीसे करावे.

उपाय :
१. शेण व केर रोज उचलून खड्ड्यात टाकावा आणि वर मातीचा थर द्यावा. शेणमातीने लिंपलेल्या ढिगात माशीस शिरकाव नसतो, आतील उष्णतेने अळ्या मरतात व शेतास उत्तम खत मिळते.
२. सर्वांनी शौचालय वापरावे. तान्ह्या मुलाचा मळही त्यातच टाकावा.
३. अन्न व पाणी सदैव झाकावे.

आरंभ शाळेपासून करावा. दुपारच्या आहाराचे खरकटे कोठे पडते, हे मुलांसह पाहावे. घरांविषयी बोलताना कोणाचे नाव घेऊन मुलास खाली पाहावयास लावू नये. गाडगेबाबा (१८७६–१९५६) आधी गाव झाडीत, मग कीर्तनास उभे राहत. शिक्षकाने हाच क्रम ठेवावा.