गुरं शिरून गेलेल्या भाजीच्या बागेचं काय करावं

गाय वाफ्यात शिरून गेली की हात पहिल्यांदा उपटायला जातो. तो आवरावा. चेन्नईत अंबत्तूरला आमच्या परसात गाय-वासरू शिरलं, तेव्हा भेंडीचे शेंडे, वांग्याची पानं, राजगिरा, सगळं फस्त झालं होतं. चिरफाळलेल्या फांद्या मी कात्रीने डोळ्याच्या जरा वर कापल्या, खुरांनी दाबलेली माती खुरप्याने हलवली, पाणी दिलं आणि वाट पाहिली. भेंडीला बगलफुटवे आले, वांगी पालवली, राजगिराही पुन्हा फुटला. बुडाशी तुटलेल्या काकडीच्या वेलाची मात्र आशा धरू नये. इथे आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, पेरणी होते. नुकसान तेव्हाच झालं असेल तर सरळ नवं बी टाकावं.

मग गुरं कुठून आणि कधी येतात ते पाहावं. शहरात अनेक गोठेवाल्यांकडे ना कुरण, ना पुरेशी जागा. सकाळी धार काढली की गाय मोकळी सुटते आणि कचऱ्याच्या वासाने गल्लीत येते. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, रस्त्यावर फोडलेले कोहळे नि टाकलेले केळीचे खुंट तिला थेट आपल्या फाटकापर्यंत आणतात. म्हणून ओला कचरा बाहेर न टाकणं ही पहिली राखण.

गाय कुंपणावरून मान घालते, शेळी मागच्या पायांवर उभी राहते. तेव्हा कुंपणालगत भाजी लावूच नये; तिथे अडुळसा लावावा, त्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला शेणकाला शिंपडला तरी गुरं तिथे चरायला नाखूश असतात. खायच्या पानांवर मात्र तो उडू देऊ नये. आणि तारेत घरची वीज कधीही सोडू नये. त्याने जनावरं मरतात, माणसंही मरतात.

मालकाशी बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘अण्णा, दुपारपर्यंत तरी बांधून ठेवा,’ असं शांतपणे सांगितलं, भाजीचे देठ-पाला त्याच्या गोठ्यात पोचवायला लागले, आणि बराच फरक पडला. दोन गुरांवर घर चालवणाऱ्याला गुरं मोकाट सोडल्याचा दंड फार जड जातो. २०२४ मध्ये महापालिकेने पहिल्याच वेळचा दंड ५ हजारांवरून १० हजार रुपये केला.

पण सांगूनही गुरं मोकाट राहिली तर भीड धरू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईतल्याच अरुंबाक्कमला शाळेतून घरी निघालेल्या मुलीला गाईने तुडवलं होतं. प्रश्न भाजीपुरता उरत नाही. शहरी भागात जनावरं पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा तमिळनाडूचा कायदा १९९७ पासून आहे. महापालिकेची माणसं गुरं धरून पुदुपेट्टै किंवा पेरंबूरच्या कोंडवाड्यात नेतात. महापालिकेच्या १९१३ या फोन क्रमांकावर तक्रार करताना गल्लीचं नाव, खूण आणि गुरं येण्याची नेमकी वेळ सांगावी, नाहीतर गाडी येईपर्यंत ती पुढच्या गल्लीत गेलेली असतात.