संगणकाआधी पेन्सिल : नमुन्याच्या भागाचे चित्र कसे काढावे?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांचे सुटे भाग बनविणारे आपले कित्येक बांधव आहेत. गिऱ्हाईक झिजलेला भाग आणून ठेवते व "असाच करून द्या" म्हणते. पूर्वी तो भाग समोर ठेवूनच लेथवर काम होई. आता संगणकावर मॉडेल करून सीएनसी यंत्रावर नग काढण्याची सोय झाली आहे. मात्र संगणक आपण देऊ तेच माप खरे मानतो. माप चुकले तर एक नाही, शंभर नग चुकतात. माल परत येतो आणि नुकसान कारागिराच्या अंगावर पडते. म्हणून मॉडेलपूर्वी हाताने चित्र काढून भाग नीट समजून घ्यावा.

ही रीत आपल्याला परकी नाही. इ.स. १२०६ मध्ये दियारबकर येथील अल्-जझरी यांनी यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात भागांची चित्रे काढून, त्यांना अक्षरे देऊन कृती समजावली आहे.

चित्र काढण्याचा क्रम असा ठेवावा :

(१) भाग रॉकेलने धुऊन पुसावा. कोठे चमक आली आहे, कोठे खाच पडली आहे, ते पाहावे. चमक म्हणजे घासण्याची जागा. ती चित्रात रेघांनी दाखवावी.

(२) समोरून, वरून व बाजूने अशी तीन दृश्ये काढावीत. आत भोक किंवा चावीची खाच असेल तर छेदही काढावा. काढता येत नसेल तर तो भाग अजून आपल्याला कळलेला नाही असे समजावे.

(३) सर्व मापे एकाच कडेपासून घ्यावीत. तुकड्या-तुकड्याने घेतल्यास प्रत्येक ठिकाणची थोडी चूक साचत जाते. शेवटी एकूण लांबी वेगळी मोजून ताळा करावा.

(४) झिजलेल्या जागेचे माप जसेच्या तसे घेऊ नये. शाफ्ट जेथे बुशमध्ये फिरत नाही तेथे मायक्रोमीटरने मोजावा. ज्या भागात तो बसतो तो भागही मागवून घ्यावा.

गिअरचे उदाहरण घेऊ. साध्या सरळ दातांच्या गिअरचे ३० दात आहेत व बाहेरचा व्यास ९५.६ मि.मी. भरला. दातांत २ मिळवून ३२ होतात. ९५.६ ला ३२ ने भागल्यास २.९९ येतात. म्हणजे मॉड्यूल ३, आणि मूळ व्यास ३२ × ३ = ९६ मि.मी. मोजलेला ९५.६ तसाच संगणकात घातला तर नव्या गिअरला जन्मतःच झीज मिळेल.

दुसऱ्या ३० दातांच्या गिअरचा व्यास १०१.६ भरला. भागाकार ३.१७५ येतो. हे प्रमाणित मॉड्यूल नाही. २५.४ ला ३.१७५ ने भागा, ८ येतात. हा इंची हिशोबाचा ८ डी.पी. गिअर आहे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या यंत्रांत असे गिअर असतात. येथे मॉड्यूल ३ धरून मॉडेल केल्यास दात जोडीदाराशी जुळणार नाहीत. कागदावरचे दोन मिनिटांचे गणित सबंध माल वाचविते.

भाग ओतीव असेल तर चित्रावर तयार मालाचेच माप लिहावे. आकुंचनाची वाढ साच्याच्या मॉडेलमध्ये द्यावी : बिडाला मीटरमागे सुमारे १० मि.मी., पितळेला सुमारे १५ मि.मी. दोन्ही मापे एकाच चित्रात मिसळली तर घोटाळा होतो.

चित्रावर तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, धातू व नगसंख्या लिहून ते फाइलला लावावे. पुढच्या खेपेस तोच भाग आला तर अर्धे काम झालेले असेल.

शिकाऊ मुलाला थेट संगणकासमोर बसवू नये. त्याच्याकडून दर आठवड्यास एका भागाचे चित्र काढून घ्यावे व उस्तादाने ते स्वतः मोजून तपासावे. मापात कमी करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. तराजूइतकीच कारागिराच्या मोजपट्टीचीही जबाबदारी आहे, याचे भान ठेवले तर गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल आणि रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.