अग्नीतून वाचलेले चित्र

इ. स. १३५० मध्ये चीनमधील एका वृद्ध चित्रकाराने आपल्या अपुऱ्या चित्राच्या शेवटी काही ओळी लिहिल्या. चित्र तीन-चार वर्षे चालू होते. ते त्याने वूयोंग नावाच्या आपल्या स्नेह्यासाठी आरंभिले होते. हे चित्र कोणीतरी कपटाने किंवा बळाने हिरावून नेईल, अशी धास्ती वूयोंगला वाटत होती. म्हणून चित्र पुरे होण्यापूर्वीच त्यावर आपले नाव घालून घेण्याचा त्याने आग्रह धरला. चित्रकाराने तो मानला. चित्र सिद्धीस नेणे किती कठीण असते, हे पुढील लोकांना कळावे, असेही त्याने तेथे नमूद केले. त्या चित्रकाराचे नाव ह्वांग गोंगवांग. त्या वेळी त्याने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

ह्वांगचा जन्म इ. स. १२६९ चा. त्याचे मूळ घराणे लू. परंतु ह्वांग आडनावाच्या एका वृद्ध गृहस्थाने त्याला दत्तक घेतले. त्या गृहस्थाला पुत्राची फार दिवसांची आस होती आणि तीच आस मुलाच्या नावात उतरली, असे सांगतात. मूल दहा वर्षांचे झाले तोच, इ. स. १२७९ मध्ये, सुंग घराण्याचे राज्य लयास जाऊन मोंगलांची सत्ता सर्व चीनवर पसरली. विद्वानांना सरकारी अधिकारपदावर नेणाऱ्या राजपरीक्षा बंद राहिल्या. बुद्धिमान ह्वांगच्या वाट्याला कारकुनीच आली. पुढे त्याचा वरिष्ठ अधिकारी जमीनमहसुलाच्या प्रकरणात दोषी ठरला आणि त्याच्याबरोबर ह्वांगलाही तुरुंगात जावे लागले. ते साल होते १३१५. आणि बंद पडलेल्या राजपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या त्याही याच साली! दैवाचा खेळ म्हणतात तो असा.

तुरुंगातून सुटल्यावर त्याने दरबारची वाट कायमची सोडली. तो ताओ पंथाचा साधू झाला, लोकांचे भविष्य सांगून निर्वाह करू लागला आणि डोंगरदऱ्यांतून हिंडू लागला. स्वतःला तो 'महामूढ' म्हणवून घेई. चित्रकलेकडे तो मनापासून वळला तो वयाच्या पन्नाशीच्या सुमारास. इतरांचे हात थकू लागतात, त्या वयात याचा हात शिकू लागला.

त्याची साधने अगदी साधी होती. देवदाराच्या जातीच्या झाडांची काजळी सरसात मळून शाईची कांडी करीत. ती दगडी पात्रात पाण्याबरोबर उगाळली, की शाई तयार होई. पाणी कमी-अधिक करून एकाच काळ्या रंगातून धुक्याच्या फिकट छटेपासून कातळाच्या गडद छटेपर्यंत सर्व काही काढता येई. मात्र कागदावर टेकलेला कुंचला म्हणजे सुटलेला बाण. उमटलेली रेघ पुसता येत नसे. ह्वांगने चित्रकलेवर एक छोटे टिपणही लिहून ठेवले आहे. चामडी पिशवीत कुंचला सदैव जवळ बाळगावा आणि एखादे विलक्षण झाड दिसताच त्याचे रूप तेथल्या तेथे टिपून घ्यावे, असे तो त्यात सांगतो. आपल्या हाताखालील शिकाऱ्यांना सांगावे तसे हे सरळ, व्यवहारी बोलणे आहे.

वूयोंगसाठी काढलेले चित्र फूछुन नदीच्या परिसराचे होते. झेजियांग प्रांतातील ही नदी पुढे हांगझोऊ शहराजवळून समुद्राकडे जाते. जुन्या जन्मपत्रिकेप्रमाणे गुंडाळून ठेवायचा हा लांबट कागदी पट. तो उजवीकडून डावीकडे हातभर उलगडावा, पाहावा, गुंडाळावा आणि पुढे जावे. पाहणारा जणू नावेतूनच निघतो. डोंगर जवळ येतात, मागे पडतात, पाणी पसरते, एखादा कोळी आपल्या होडीत बसलेला दिसतो. माणसे इतकी लहान आहेत, की शोधल्याशिवाय सापडत नाहीत.

ह्वांग इ. स. १३५४ मध्ये वारला आणि वूयोंगची धास्ती कालांतराने खरी ठरली. पंधराव्या शतकात हे चित्र शेन झोऊ या थोर चित्रकाराकडे होते. त्याने ते विश्वासाने एकाकडे दिले. त्याच्या मुलाने परस्पर विकून टाकले. शेन झोऊने इ. स. १४८७ मध्ये केवळ स्मरणाने त्याची प्रतिकृती काढली. अनेक हातांतून जात जात मूळ चित्र वू नावाच्या घराण्यात आले. इ. स. १६५० च्या सुमारास त्या घरातील वू होंगयू मृत्युशय्येवर पडला. या चित्रावर त्याचा एवढा जीव, की ते आपल्याबरोबर यावे म्हणून ते जाळण्याची त्याने आज्ञा केली! प्रेमाचे हे रूप भयंकरच म्हटले पाहिजे. चित्राने पेट घेतला होता. इतक्यात त्याच्या पुतण्याने धाव घेतली, दुसरेच एक चित्र आगीत टाकले आणि हे बाहेर ओढले. पण आरंभीचा भाग जळाला होता आणि पटाचे दोन तुकडे झाले होते.

मोठा तुकडा इ. स. १७४६ मध्ये छ्येनलोंग बादशहाकडे आला. आदल्याच वर्षी त्याला या चित्राची एक नक्कल मिळाली होती आणि तीच अस्सल समजून तो तिच्यावर आपले अभिप्राय लिहीत सुटला होता. अस्सल चित्र समोर येताच त्याने ते खोटे ठरविले. बादशहाची ही चूक चित्राच्या पथ्यावर पडली. नकलेवर पन्नासांहून अधिक लेखांची दाटी झाली, अस्सल चित्र त्यातून बचावले.

युद्धाच्या भीतीने बीजिंगच्या राजवाड्यातील कलावस्तू इ. स. १९३३ पासून गावोगाव हलविण्यात आल्या. हा सुमारे साडेसहा मीटर लांबीचा तुकडा त्यांच्याबरोबर शेवटी तैवान बेटावर गेला. जेमतेम अर्ध्या मीटरचा लहान तुकडा मात्र मुख्य भूमीवरच राहिला आणि इ. स. १९५६ मध्ये हांगझोऊ येथील संग्रहालयात आला. दोघांच्या मध्ये समुद्र होता आणि समुद्राहून दुस्तर असे राजकीय वैर होते.

इ. स. २०११ च्या जूनमध्ये लहान तुकडा तैवानमधील तैपेई शहरी नेण्यात आला. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी दोन्ही तुकडे एका ठिकाणी मांडले गेले. प्रदर्शन संपल्यावर लहान तुकडा हांगझोऊला, फूछुनच्याच प्रवाहाकाठी, परत आला. मोठा तैपेईलाच आहे; त्याच्या डाव्या टोकाला ह्वांगने वूयोंगसाठी लिहिलेल्या ओळी अजून स्पष्ट वाचता येतात.