न केलेली निवड

फॉर्मवरच्या ड्रॉपडाउनमध्ये एखादं नाव दिसतं, म्हणून ते कुणीतरी निवडलं आहे असं धरून चालता येत नाही. डेस्कटॉपचे प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाने कोडची पहिली ओळ टाइप करण्याआधी एवढं मनाशी पक्कं करावं, असं मला फार वाटतं. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम सांभाळणं हे माझं काम. त्यात सगळ्यात अवघड दुरुस्त्या मला बंद पडणाऱ्या प्रोग्राममध्ये कराव्या लागल्या नाहीत. त्या कराव्या लागल्या सुरळीत चालून खोटं नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सभासद-नोंदणीचा प्रोग्राम माझ्याकडे आला, तेव्हा तक्रार होती ती टपालाची: पत्रं परत येतात. यादी काढली तर आटपाडीचे शेतकरी, जतच्या अंगणवाडी सेविका, विट्याचे गलाई व्यावसायिक, असे कितीतरी सभासद अकोला जिल्ह्याचे रहिवासी निघाले. महाराष्ट्राचे 36 जिल्हे अकारविल्हे लावले की पहिला येतो अकोला, आणि फॉर्म उघडताच यादीतलं पहिलं नाव निवडलेलं असे. खिडकीसमोर रांग असताना भरलेला रकाना पुन्हा तपासायला कोण थांबेल? कारकुनाला बोल लावणं अन्यायाचं झालं असतं.

बरीच टूलकिट्स मुळातच अशी वागतात. क्यूटीच्या रिकाम्या कॉम्बोबॉक्समध्ये पहिली ओळ घातली की तीच आपोआप निवडली जाते. जावाच्या स्विंगमध्येही तसंच. विंडोज फॉर्म्समध्ये एकेक ओळ घातली तर रकाना कोरा राहतो, पण डेटासोर्स जोडला की पहिली नोंद येऊन बसते. पायथनच्या टिकिंटरमधला टीटीके कॉम्बोबॉक्स सुरुवातीला कोराच असतो. तिथे शिकवणीतली उदाहरणं घात करतात. उदाहरण छान दिसावं म्हणून 'करंट'ला शून्य दिलेलं असतं, आणि शिकणारा ती ओळ तशीच उचलतो.

उपाय साधा आहे. क्यूटी, स्विंग आणि विंडोज फॉर्म्स या तिन्हींत निवडीचा क्रमांक -1 केला की रकाना कोरा होतो. यादी भरून झाल्यावर हे करा, आणि जतन करताना -1 आढळला तर फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. 'जिल्हा निवडा' अशी ओळ यादीतच घालण्याची पद्धत मला पसंत नाही. कधी ना कधी ती ओळच डेटाबेसमध्ये जिल्हा म्हणून जाते. मात्र रक्तगटासारख्या रकान्यात 'माहीत नाही' हा खराखुरा पर्याय हवाच. तो नसेल तर घाईत असलेला माणूस कुठला तरी गट निवडून मोकळा होतो, आणि त्या नोंदीवर पुढे कुणी विसंबलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

पतसंस्थेच्या नोंदी सुधारताना पिनकोड कामी आला. अकोल्याचे पिन 444 ने सुरू होतात, सांगलीकडचे 416 किंवा 415 ने. पिन इकडचा आणि जिल्हा अकोला, अशा नोंदी वेगळ्या काढता आल्या. पिनही कोरा होता तिथे फोन करून विचारावं लागलं. कोरा रकाना एका क्वेरीत सापडतो. चुकीचा भरलेला रकाना खऱ्यासारखाच दिसतो, म्हणून तो शोधायला माणसं लागतात.

माउसच्या चाकाचा धोका मला याहून मोठा वाटतो, कारण तिथे नीट झालेली निवड नंतर बदलते. फॉर्म लांब असतो. खाली जायला कारकून चाक फिरवतो आणि पॉइंटर नेमका तालुक्याच्या रकान्यावर असतो. फॉर्म जागचा हलत नाही, तासगावचं मात्र पलूस होतं. टीटीके आणि क्यूटी दोन्हींत यादी न उघडताही चाकाने निवड बदलू शकते. टीटीकेत तर अशा बदलालाही 'कॉम्बोबॉक्स-सिलेक्टेड' हाच इव्हेंट येतो, त्यामुळे माणसाने विचारपूर्वक निवडलं की चाक लागलं, हे कोडला कळायला मार्ग नाही. टीटीकेत कॉम्बोबॉक्सच्या वर्गाचं माउसव्हीलचं बाइंडिंगच काढून टाका. लिनक्सवर टीके 8.6 पर्यंत चाक म्हणजे बटण 4 आणि 5, तीही काढा. क्यूटीत कॉम्बोबॉक्सचा उपवर्ग करून व्हील-इव्हेंटमध्ये इव्हेंट 'इग्नोर' करा, म्हणजे तो मागच्या स्क्रोल-एरियाकडे जाऊन फॉर्म सरकतो; सोबत फोकस-पॉलिसी 'स्ट्राँग-फोकस' ठेवा.

ॲपलच्या लिसावर 1983 साली आणि वर्षभराने मॅकिंटॉशवर जे मेनू आले, त्यांत बटण दाबून धरूनच खाली यावं लागे. हव्या त्या ओळीवर बटण सोडलं की काम होई. मेनूच्या बाहेर सोडलं तर काहीच घडत नसे. निवड पुरी होईपर्यंत माणसाचा हात तिच्यावर असे. पुढे सोयी वाढल्या आणि हा काटेकोरपणा मागे पडला, याचं मला वाईट वाटतं.

कोडच्या बाजूनेही न केलेली निवड घडते. पायथनमध्ये दहा तालुक्यांचा मेनू लूपमध्ये बांधला आणि प्रत्येक ओळीला लॅम्डा जोडला, तर कुठलाही तालुका दाबा, अहवाल शिराळ्याचाच येतो. लॅम्डातलं चल तो चालवला जातो तेव्हा वाचलं जातं. तोवर लूप संपून चलात शेवटचं नाव उरलेलं असतं. ते नाव लॅम्डाला डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं किंवा 'पार्शल' वापरायचं, की झालं. टिकिंटरमध्ये 'स्ट्रिंगव्हार' फंक्शनपुरतं स्थानिक ठेवलं तर फंक्शन संपल्यावर ते नष्ट होऊन रकाना कोरा दिसू शकतो; ते ऑब्जेक्टवर धरून ठेवा.

जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडताना प्रोग्राम स्वतःच रकान्यांत किमती भरतो. अशा वेळी क्यूटीचा 'करंट-इंडेक्स-चेंज्ड' हा सिग्नल आणि विंडोज फॉर्म्सचा 'सिलेक्टेड-इंडेक्स-चेंज्ड' हा इव्हेंट दोन्ही उठतात, जणू माणसानेच यादी हाताळली. नोंद नुसती पाहायला उघडली तरी ती 'बदलली' म्हणून जतन झालेली मी पाहिली आहे. माणसाच्या निवडीसाठी क्यूटीत 'ॲक्टिव्हेटेड' आणि विंडोज फॉर्म्समध्ये 'सिलेक्शन-चेंज-कमिटेड' आहेत, ते वापरा. जिल्हा बदलला की तालुक्याची नुसती यादी बदलू नका, रकानाही कोरा करा. टीटीकेत नवी यादी दिली तरी जुना मजकूर तसाच राहतो आणि रायगड जिल्ह्यात मिरज तालुका नोंदला जातो.

आता नावांबद्दल, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ड्रॉपडाउनमध्ये नाव दाखवा, पण डेटाबेसमध्ये संकेतांक ठेवा. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशकात आणि वाशिममध्ये. नुसतं 'खेड' साठवलं तर ते कुठलं, हे मागाहून कुणी सांगू शकत नाही. शिवाय नावं बदलतात. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जिथे नाव साठवलं होतं तिथे जुनी नोंद उघडताच नव्या यादीत ते नाव सापडेना, रकाना कोरा दिसे किंवा पहिल्या ओळीवर जाई, आणि पुन्हा अकोला. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव यांना संकेतांक दिलेले आहेत, ते घ्या.

देवनागरीची एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. कऱ्हाडमधला ऱ एका संकेताने लिहिता येतो, आणि र खाली नुक्ता देऊन दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच, तुलनेत मात्र वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण केलं की हे दोन एक होतात. ॲ चं तसं नाही: सलग ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला ॲ एनएफसीनंतरही वेगळेच राहतात, तिथे बदल स्वतःच करून घ्यावा लागतो. यादीच्या क्रमालाही हीच बाधा. निव्वळ संकेतांच्या क्रमाने लावलं तर ॲ ह च्याही पुढे जातो आणि आजारांच्या यादीत ॲनिमिया हिवतापाखाली सापडतो. ळ मात्र ल नंतर लगेच येतो, म्हणून माळशिरस मावळच्या आधी लागतं, शब्दकोशाच्या क्रमाने ते माहूरच्याही नंतर हवं. पायथनचं साधं 'सॉर्ट' इथे पुरत नाही. आयसीयू लायब्ररीत मराठीचा क्रम तयार आहे. जिथे डोळे शोधतात तिथे नाव नसलं की घाईतला माणूस त्यातल्या त्यात जवळचं उचलतो, म्हणून मी क्रमाला दिखाऊपणात मोजत नाही.

दोनतीनच पर्याय असतील तर रेडिओ बटणं द्या, सगळे एकदम डोळ्यांपुढे राहतात. गावांसाठी साधा ड्रॉपडाउन देऊच नका. जत तालुक्यात शंभराहून अधिक गावं आहेत, आणि उघडलेल्या यादीत एका वेळी स्विंग आठ ओळी दाखवतं, क्यूटी आणि टीटीके दहा. तिथे टाइप करून गाळता येणारी यादी हवी. क्यूटीत त्यासाठी कॉम्बोबॉक्स 'एडिटेबल' केला की एन्टर दाबताच टाइप केलेला मजकूर यादीच्या तळाशी नवी ओळ होऊन बसतो; मूळ सेटिंगच तसं आहे. घाईत चुकलेलं स्पेलिंग म्हणजे नवं गाव. 'इन्सर्ट-पॉलिसी' आधी 'नो-इन्सर्ट' करा, कम्प्लीटरला मधली अक्षरंही जुळवायला सांगा, आणि टाइप केलेलं यादीतल्या एखाद्या संकेतांकाशी जुळल्याशिवाय जतनचं बटण चालू होऊ देऊ नका.