‘स्त्रियांनी गप्प बसावे’ हे कसे वाचावे?

प्रश्न : डिंडोलीत आम्हा खानदेशी कुटुंबांचा घरगुती बायबल अभ्यास चालतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 14वा अध्याय आला, की काही जण महिलांना प्रार्थना सांगूच देत नाहीत. काय करावे? – एक वाचिका

उत्तर : ताई, फक्त 34वी ओवी काढून वाचू नका, 26व्या ओवीपासून पूर्ण अध्याय मोठ्याने वाचायला लावा. गप्प राहायला तिथे तिघांना सांगितले आहे. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याला, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्या संदेश देणाऱ्याला, आणि मग स्त्रियांना. पहिल्या दोघांना जन्मभर मुके राहा, असे कोणीच म्हणत नाही. मग तिसऱ्यांनाच का?

त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात. पौल डोके झाकण्याबद्दल बोलतो, त्यांचे बोलणे थांबवत नाही. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. काही जुन्या हस्तलिखितांत 34-35 या ओव्या अध्यायाच्या शेवटी आहेत, हेही गटाला जरूर सांगा. विद्वानांत यावर मतभेद आहेत. ते लपवू नका.

केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषा शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्यांचे भाषांतर चालते, मग बाईची प्रार्थना का नाही, हे मला खरोखर कळत नाही.

पुढच्या बैठकीत हा अध्याय एखाद्या बहिणीलाच वाचायला द्या आणि चर्चेची सुरुवातही तिलाच करू द्या.